भोईवाड्यातलं जपानी पातं

वैशाली येलवे महिन्यातून एकदा माझगावच्या भंगार बाजारात जायची ती जुन्या कानशी आणि घासायचे दगड शोधायला. जहाजांतून उतरलेल्या सामानात कधीकधी चांगला दगड मिळतो, नव्या बाजारात तसा मिळत नाही, असं तिचे वडील म्हणायचे. भोईवाड्याच्या कोर्टामागच्या गल्लीत त्यांचं धार लावायचं दुकान होतं, वर राहायची खोली. रामजी येलवे गेले, पाटीवर त्यांचं नाव राहिलं आणि दुकान वैशालीचं झालं. हिंदमात्याच्या शिंप्यांच्या कात्र्या, पार्लरवाल्या बायकांच्या कैच्या, खाटकांचे सुरे, परळच्या डॉक्टरांची हत्यारं, सगळं तिच्या हाताखालून जायचं. वय सेहेचाळीस. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसंही आता थकली होती.

त्या गुरुवारी तिला दगड मिळाला नाही. पितळी नळांच्या ढिगाखाली एक लांब, चामड्यात गुंडाळलेली वस्तू दिसली. मुठीवर सुती पट्टी आडवीतिडवी आवळून बांधलेली, म्यानावर तपकिरी चामड्याचं कव्हर, तेही सुकून तडकलेलं. वैशालीने ओढून बघितलं. दोन हिसके दिल्यावर पातं बाहेर आलं. गंज होता, पण नखावर आडवं टेकवलं तेव्हा ते घसरलं नाही, रुतलं. तिला नवल वाटलं. इतक्या गंजाखाली धार सहसा टिकत नाही.

"किसी पारसी के बंगले का माल है," भंगारवाला म्हणाला. "उसके पहले किसका, मुझे क्या मालूम."

तिने घासाघीस फारशी केली नाही. गोणपाटात गुंडाळून ती वस्तू टॅक्सीने भोईवाड्याला आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, तिने पात्याचं टोक मशीनच्या चाकाला लावलं. पोलाद कसं आहे ते ती ठिणग्यांवरून ओळखायची. या ठिणग्या आखूड होत्या आणि शेवटी फुलासारख्या फुटत होत्या. म्हणजे पोलाद कडक, नीट पाणी दिलेलं. गंज निघत गेला तसं खाली धारेच्या काठाकाठाने काहीतरी धुरकट, लाटेसारखं दिसायला लागलं. तिला तो डाग वाटला. डाग काढायचा तिचा हात होता. टोकापासून वीतभर पातं तिने आरशासारखं करून टाकलं, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की डाग एका सारख्या रेषेत पुढे मुठीपर्यंत गेला आहे. डाग असा जात नाही. पाणी देताना कुणीतरी मुद्दाम आणलेली ती रेषा होती, आणि वीतभर तरी ती आता कायमची गेली होती.

तिने मशीन बंद केलं.

मुठीच्या बाजूला बांबूची एक बारीक खुंटी होती. ती पंचने ठोकून काढल्यावर मूठ सुटून हातात आली. आत शिरणारा पात्याचा शेपटीसारखा भाग काळा पडला होता. सवयीने तिने तारेचा ब्रश उचलला, आणि तेवढ्यात गंजात छिन्नीने कोरलेली अक्षरं दिसली. ब्रश तिने खाली ठेवला. सकाळी एकदा चूक झाली होती.

रविवारी तिचा धाकटा भाऊ अभय आला. तो अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहायचा, मंत्रालयात कारकून होता आणि कुठल्याही गोष्टीचा नियम आधी बघायचा. त्याने मोबाईलवर फोटो काढून शोध घेतला.

"ताई, ही जपानी आहे. महायुद्धातल्या ऑफिसरची तलवार अशीच दिसते, बघ." मग फोन खाली ठेवून म्हणाला, "आणि एवढं लांब पातं घरात ठेवायला लायसन लागतं. तू आधी पोलिसांत जा."

"आधी वाचून तरी घेऊ काय लिहिलंय."

"ते वाचायला जपानी माणूस कुठून आणणार?"

वरळीच्या जपानी बुद्धविहारात कुणीतरी वाचून दिलं असतं, हे वैशालीच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. पण बुद्धापुढे तलवार घेऊन जायची कल्पनाच तिला बरी वाटेना. दादरला स्टेशनजवळ जपानी भाषेच्या क्लासची पाटी तिने कितीदा वाचली होती. सोमवारी ती तिथे गेली.

क्लास घेणारी मेघना वर्तक गिरगावातून रोज यायची. पस्तिशीची, बोलणं नेमकं. दिवसा ती कारखान्यांच्या मशिनरीची जपानी पुस्तकं मराठी-इंग्रजीत उतरवायची आणि संध्याकाळी शिकवायची. तिने वैशालीच्या फोनवरचे फोटो मोठे करून बराच वेळ बघितले.

"हे कारागिराचं नाव आहे. कानेमोरी. पण यावरून फार काही कळणार नाही. सेकी म्हणून लोहारांचं गाव आहे, तिथे शेकडो जणांची नावं 'काने'पासून सुरू होतात." मग तिने फोटोचा दुसरा कोपरा दाखवला. "हा शिक्का बघितलात? वाटाण्याएवढा. यात एकच अक्षर आहे."

"बघितला. मला वाटलं मार लागलाय."

"नाही, शिक्काच आहे. मी जपानमधल्या एका जाणकारांना विचारते. तोपर्यंत घासू नका काही. म्यान, चामडं, शिवण, सगळ्याचे फोटो काढा. आतूनसुद्धा."

वैशालीने टोकाबद्दल तिला तेव्हाच सांगितलं. मेघनाने ते वहीत तसंच टिपून घेतलं, आणि वैशालीला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पोलीस ठाण्यात सब-इन्स्पेक्टर चिंतामणी साळवी भेटले. त्यांनी फोटो बघितले, नोंद केली, अर्ज लिहून घेतला. निर्णय वरून येईल, वेळ लागेल म्हणाले. "तोपर्यंत कपाटात कुलूप लावून ठेवा. कुठे नेऊ नका. आणि दसऱ्याला काढून पूजाबिजा करू नका, सोसायटीतले लोक फोटो टाकतात."

"आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजत नाहीत, साहेब," वैशाली म्हणाली. "आम्ही त्या दिवशी विहारात असतो."

साळव्यांनी मान डोलावली आणि अर्जावर शिक्का मारला.

चामड्याच्या कव्हरची शिवण उसवली तेव्हा आत कापडाची एक पट्टी निघाली. चार बोटं रुंद, वीतभर लांब, पिवळी पडलेली. त्यावर कुंचल्याने, काळ्या शाईत, उभ्या ओळी लिहिल्या होत्या. फोटो पाठवायला तिचा धीर होईना. पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती स्वतःच दादरला गेली.

मेघनाने वाचलं, वहीत उतरवलं, मग पुन्हा ताडून बघितलं.

"हिराबायाशी तामोत्सु. हे माणसाचं नाव, आडनाव आधी. शोवा वीस, नववा महिना, म्हणजे पंचेचाळीसचा सप्टेंबर. जपान शरण गेल्यानंतरचा महिना. आणि खाली गावाचा पत्ता आहे. नागानो, डोंगराळ भाग."

"पत्ता कशाला?"

"इंग्रजांच्या हिंदी पलटणींकडे हत्यारं जमा करताना काही जण नाव लिहून द्यायचे, असं मी वाचलंय. पुढे-मागे परत मिळेल म्हणून." मग तिने पट्टीकडे बोट दाखवलं. "ही पट्टी मात्र वर बांधली नव्हती, शिवून आत लपवली होती. त्यामुळे राहिली."

आता प्रश्न तलवारीपुरता राहिला नाही. ते गाव कधीच शेजारच्या नगरात मिसळून गेलं होतं. मेघनाने तिथल्या कचेरीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की कुणाचीही खाजगी माहिती आम्हाला देता येत नाही, मात्र आपलं पत्र त्या वस्तीतल्या मंडळाकडे देतो. मग काहीच नाही. गणपती आले आणि गेले, लालबागची गर्दी ओसरली, विजयादशमीला वैशाली पांढरी साडी नेसून विहारात गेली, आणि तलवार कपाटात पडून राहिली. दर पंधरा दिवसांनी ती कपाट उघडून पात्यावर तेलाचा बोळा फिरवायची. शिवणाच्या मशीनचं तेल चालतं, असं जाणकारांनी कळवलं होतं.

जाणकारांनी आणखीही एक गोष्ट कळवली होती. शिक्क्यावरून आणि पात्याच्या पोतावरून त्यांचं मत पक्कं झालं होतं. तसा शिक्का युद्धकाळातल्या कारखानी मालावर मारायचे; हे पातं जुन्या पद्धतीने घडवलेलं नव्हतं. युद्धाच्या काळात सैन्याला हजारो तलवारी लागत होत्या, त्यासाठी कारखान्यातलं पोलाद तापवून, तेलात विझवून केलेला हा माल. प्रामाणिक काम, पण घाईचं. वैशालीला वाईट वाटलं, आणि वाईट वाटावं याचं तिला आश्चर्यही वाटलं. ही कुणा मोठ्या उस्तादाची असावी असं तिने मनात कधी धरलं होतं ते तिलाच आठवेना.

नोव्हेंबरात मेघनाचा फोन आला. "मुलगा सापडला. तामोत्सु यांचा. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, घड्याळाच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांना तलवार हवी आहे. सगळा खर्च करतो म्हणतात."

"मग देऊया की."

"देता येत नाही." मेघनाने समजावून सांगितलं. हाताने घडवलेली तलवार असेल तर तिकडे नोंद होते, कागद मिळतो. कारखान्यातल्या पात्याला तो कागद मिळत नाही. अशी तलवार तिथे उतरली की जप्त होते आणि नष्ट केली जाते. "तिच्या स्वतःच्याच देशात ती बेकायदा आहे. त्यांना ते माहीत नसावं."

त्या रविवारी अभय जेवायला आला होता. बोंबलाचं कालवण वाढता वाढता वैशालीने त्याला हे सांगितलं. तो नियमाचा माणूस, पण म्हाताऱ्याचं ऐकून त्यालाही कसंसं झालं.

"अडचण त्या शिक्क्याचीच आहे ना?" तो म्हणाला. "मग घासून टाक. तुला दोन मिनिटांचं काम."

जेवण झाल्यावर वैशाली खाली दुकानात गेली, कपाट उघडलं, मूठ काढली आणि शिक्का दिव्याखाली धरला. खरंच दोन मिनिटांचं काम होतं. वर चहाच्या पाण्याने जरा गंज चढवला असता तर साध्या माणसाला कळलंही नसतं. अभय मागून आला आणि दारात उभा राहिला.

"काय करतेस?"

"नाही करत," ती म्हणाली. "ज्याला कळतं त्याला पोतावरून कळणारच. आणि नाही कळलं तरी, अभय, बिनमाहितीने मी एकदा घासून बसलेय. आता माहीत असताना कशी घासू? त्या माणसाने जी दिली ती ही अशी होती. शिक्क्यासकट."

अभयने खांदे उडवले. मूठ परत बसवताना मात्र पातं त्याने धरलं.

मेघनाने सगळं खरं खरं कळवलं, टोकाचंसुद्धा. वैशालीला वाटलं, आता उत्तर यायचं नाही. आठ दिवसांनी आलं. हिराबायाशी लिहीत होते की तलवार येऊ शकत नसेल तर मी येतो.

जानेवारीत ते आले, बरोबर मुलगी. साळव्यांना वैशालीने आधी सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, बघायला काय हरकत आहे, दुकानाबाहेर काढू नका म्हणजे झालं. कोर्टाच्या कोपऱ्यावर टॅक्सी सोडून बापलेक मेघनाच्या मागून गल्लीत शिरले. म्हातारा बुटका, ताठ, राखाडी कोट घातलेला. दुकानाच्या दारात त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. वैशालीने हात जोडले. "जय भीम" तिच्या तोंडातून सवयीने गेलं, आणि मेघनाने ते तसंच पुढे सांगितलं, अर्थासकट. म्हातारा पुन्हा वाकला.

अभयने शेजारच्या हॉटेलातून चहा मागवला. तो निवत राहिला.

वैशालीने स्टुलावर स्वच्छ चादर अंथरली आणि तलवार ठेवली. हिराबायाशींनी लगेच हात लावला नाही. बघत बसले. मग दोन्ही हातांनी उचलली, पातं चार बोटं बाहेर काढलं, परत आत सारलं.

"जड आहे, म्हणतायत," मेघना म्हणाली. "लहानपणी त्यांनी लाकडाची केली होती, ती हलकी होती."

वैशालीने पूर्ण पातं बाहेर काढून टोकाची जागा दाखवली. "हे मी केलं. मला माहीत नव्हतं. माफी मागते, असं सांगा त्यांना."

हिराबायाशींनी खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि घासलेली जागा बोटबोट तपासली. त्यांनीही चाळीस वर्षं चाकावरच काम केलं होतं. मग काहीतरी बोलले.

"सगळीकडे सारखं घासलंय, म्हणतात. हात चांगला आहे."

ही माफी होती की नुसतं निरीक्षण, ते त्यांच्या चेहऱ्यावरून लागत नव्हतं.

मग ते आपणहून बोलायला लागले. थांबत, थोडं थोडं. मेघना मागोमाग सांगत होती. वडील मलायातून परत आले आणि शाळेत गणित शिकवायला लागले. घरात सुरीला हात लावायचे नाहीत. कलिंगडसुद्धा आई कापायची. तलवारीचं विचारलं की एकच उत्तर, जहाजातून समुद्रात टाकली. "मी लहानपणी वर्गातल्या मुलांना सांगायचो की माझ्या वडिलांनी तलवार कुणाला दिली नाही, समुद्राला दिली. फार वेळा सांगितलं. ते जाऊन तीस वर्षं झाली, तोवर मीही तेच धरून होतो." त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतली पट्टी उचलली. "हे त्यांचं अक्षर आहे. फळ्यावर असंच लिहायचे. म्हणजे रांगेत उभे राहून त्यांनी ती दिली. पत्ता शिवून दिली. परत यावी असं वाटत होतं, आणि आम्हाला सांगितलं समुद्रात टाकली."

बाहेर कुणीतरी कात्री घेऊन आलं, अभयने त्याला उद्या या म्हणून परत पाठवलं.

"वाईट वाटलं का त्यांना, हे कळल्यावर?" वैशालीने विचारलं. मेघनाने तिच्याकडे बघितलं, मग विचारलं.

म्हाताऱ्याने विचार करून उत्तर दिलं. "मला नेहमी वाटायचं, ते काहीतरी लपवतायत. फार भयंकर काही. हे त्यामानाने लहान निघालं." आणि जरा वेळाने, "लपवलेलं एवढंच होतं की आणखी काही होतं, ते मात्र आता कळायचं नाही."

त्यांच्या मुलीने मान खाली घातली.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरातलं कुणी त्या युद्धात होतं का. वैशाली म्हणाली, आजोबा पलटणीत होते. ब्रह्मदेशात गेले होते.

"ते परत आले?"

"आले. हिवताप घेऊन आले, आणि एक कांबळं. तलवार नव्हती आणली. कांबळं आम्ही पुष्कळ वर्षं पांघरलं."

मेघनाने सांगितलं तेव्हा हिराबायाशी प्रथमच किंचित हसले.

निघायच्या आधी त्यांनी एक विनंती केली. पातं नेता येत नसलं तरी मूठ नेता येते, ती हत्यार नव्हे, हे त्यांनी आधीच चौकशी करून ठेवलं होतं. वडिलांचा हात लागला असेल तो मुठीलाच. वैशालीने पंच आणि छोटा हातोडा घेतला. खुंटी काढून मूठ सोडवली, पात्यावरून अलगद ओढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. नावाची पट्टीही दिली. हिराबायाशींनी ती दोन्ही एका निळ्या रुमालात बांधली, गाठ दोनदा तपासली. निघताना टॅक्सीपर्यंत अभय त्यांच्याबरोबर गेला. वैशाली दुकानात थांबली. पातं उघडं होतं, सोडून जाता येत नव्हतं.

जूनमध्ये वरून उत्तर आलं. लायसन देता येत नाही, वस्तू संग्रहालयात जमा करावी. साळवी स्वतः एका हवालदाराला घेऊन आले आणि वैशाली त्यांच्याबरोबर जीपमधून गेली. संग्रहालयातल्या बाईंनी हातमोजे घालून पातं घेतलं, मोजलं, नोंदवहीत लिहिलं. इतिहास म्हणून काही सांगायचं आहे का, असं विचारलं. वैशालीने नाव, गाव, महिना आणि वर्ष सांगितलं. टोकाची वीतभर जागा कुणी घासली तेही सांगितलं आणि ते लिहून घ्यायला लावलं. ही मांडून ठेवणार का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, सध्या तरी नाही, भांडारात राहील. पावती मिळाली, ती तिने दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

पुढच्या महिन्यात मेघनाने एक फोटो पाठवला. नागानोतल्या घरात, वडिलांच्या तसबिरीखाली, मूठ एका लाकडी पट्टीवर बसवून ठेवली होती. पातं नसलं की तिकडे असं लाकूड घालतात, म्हणजे मूठ आक्रसत नाही, असं मेघनाने खाली लिहिलं होतं. लाकूड हिराबायाशींनी स्वतः तासलं होतं. वैशालीने फोटो बोटांनी मोठा करून जोड बघितला. काम स्वच्छ होतं. तिने मेघनाला उलट कळवलं: फोटो मिळाला असं त्यांना सांगा, आणि लाकडाला तेल लावू नका म्हणावं, मुठीवरची सुती पट्टी खराब होईल.